ऑल-सीझन म्हणजे नेमका कोणाचा सीझन?

१९७७ म्हटलं की आणीबाणी उठली, जनता सरकार आलं, एवढं आपल्याला आठवतं. त्याच वर्षी टायरच्या दुनियेत दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेत गुडइयरने ‘टिएम्पो’ नावाचा टायर बाजारात आणला, पहिला ऑल-सीझन रेडियल. आणि भारतात जेके टायरने देशातला पहिला रेडियल आणला. म्हणजे तिकडे रेडियलचं पुढचं व्हर्जन निघत होतं तेव्हा आपल्याकडे पहिलं इन्स्टॉल होत होतं.

हे आज काढायचं कारण घरचंच आहे. आमच्या गाडीचे टायर बदलायला आलेत. डिसेंबरमध्ये आई-बाबा आणि ताईच्या लहान मुलीला घेऊन समृद्धीने नागपूरला जायचंय. तळवड्याजवळच्या एका दुकानात विचारलं तर उत्तर आलं, “थंडी येतेय साहेब, ऑल-सीझनच घ्या.” भाव अर्थातच चढा. मला प्रश्न पडला की यात नेमका कुठला सीझन धरलाय.

तर मुळात थंडीचा वेगळा टायर निघाला फिनलंडमध्ये, १९३४ साली. तीच कंपनी आज नोकियन टायर्स म्हणून ओळखली जाते. पुढे कळलं की प्रश्न फक्त बर्फात रुतण्याचा नाही, रबराचाही आहे. साधारण ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं आणि रस्ता धरत नाही. म्हणून हिवाळी टायरचं रबर मऊ ठेवतात आणि त्याच्या नक्षीत ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक फटी देतात, त्या बर्फाला चावा घेतात. आता आपल्याकडचा हिशोब बघा. पुण्याचं आजवरचं नीचांकी तापमान १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चं. फिनलंडच्या त्या टायरनंतर काही महिन्यांतच! पण तो विक्रम आहे, रोजचा रतीब नाही. आपल्या जानेवारीत पहाटे ९-१० अंश असतं आणि दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडाव्या लागतात.

अमेरिकेत लोक दर हिवाळ्यात टायर बदलायचे आणि वसंतात पुन्हा काढून ठेवायचे. चार जास्तीचे टायर, ठेवायला जागा, दोनदा मजुरी. टिएम्पोने ही कटकट संपवली. थोडं मऊ रबर, थोडी जास्त खोबणी, आणि वर्षभर एकच सेट. पुढच्या काही वर्षांत तिकडे नव्या गाड्या याच टायरवर यायला लागल्या. कल्पना हुशारीची होती, पण तडजोडीची होती. कडक उन्हात तो उन्हाळी टायरइतका पक्का नाही आणि खऱ्या बर्फात हिवाळी टायरइतका नाही.

त्यातून एक गंमत झाली. टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ असं लिहायची पद्धत पडली, म्हणजे चिखल आणि बर्फ. पण हे लिहायला बर्फावर चाचणी लागत नव्हती, खोबणींचा आकार आणि मोकळी जागा ठरलेल्या मापात बसली की झालं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. म्हणून १९९९ मध्ये वेगळं चिन्ह आलं, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण. ते बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळतं. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी फक्त हेच चिन्ह ग्राह्य धरलंय. चाकणच्या कंपन्यांतून स्टुटगार्टला गेलेल्या मित्रांनो, तुमच्यासाठी हा विषय खरा आहे. तिथे ऑल-सीझन घेताना आधी डोंगर शोधा.

आता आपल्याकडे येऊ. आपला टायर-इतिहास बंगालमधल्या साहागंजला १९३६ मध्ये सुरू झाला, डनलॉपच्या कारखान्यात. मुंबईत शिवडीला फायरस्टोन होतं. ती कंपनी पुढे बॉम्बे टायर इंटरनॅशनल झाली, आणि सीए करणाऱ्या मित्राला विचारा, उत्पादन शुल्काच्या १९८३ च्या सर्वोच्च न्यायालयातल्या गाजलेल्या खटल्याला तिचंच नाव आहे. सिएट मूळची इटलीतल्या तुरीनची. भारतात ती १९५८ मध्ये टाटांच्या सोबतीने आली आणि भांडुपला कारखाना निघाला. यांनी कारसाठी बनवलेला माल होता क्रॉस-प्लाय. धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे, थरावर थर. अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्यात बनणारी पद्मिनी याच टायरवर वाढल्या. खड्ड्याला दणकट, पण प्रत्येक फेऱ्यात थर एकमेकांवर घासायचे आणि टायर तापायचा.

रेडियल हे मिशेलिनचं पेटंट, १९४६ चं. यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. बाजू लवचिक राहते, रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो आणि घर्षणाची उष्णता कमी होते. माझ्या मते आपल्यासाठी ऑल-सीझनपेक्षा हा शोध कितीतरी मोठा. आपला शत्रू बर्फ नाही, उष्णता आणि पाणी आहे. बाबांच्या तोंडी अजून “टायर लवकर तापतात, थांब थोडं” हे वाक्य असतं ते क्रॉस-प्लायच्या काळातलं. म्हणून ते चुकीचं नाही, त्यावर पुढे बोलतो.

तळवड्याहून चाकणच्या दिशेने गेलं की या गोष्टीचं एक टोक आपल्या शेजारीच सापडतं. १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनने अमेरिकेतली फायरस्टोन विकत घेतली, आणि २०१३ मध्ये त्याच ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला सुरू झाला. शिवडीचं नाव असं फिरून आपल्या एमआयडीसीत आलं.

मग दुकानदाराचं काय? आपल्याकडे कारसाठी विकले जाणारे बहुतेक टायर युरोपच्या भाषेत उन्हाळी टायर आहेत, आणि ते आपल्या बाराही महिन्यांना चालतात. काही एसयूव्हींच्या टायरवर ‘एम प्लस एस’ दिसतं, ते असलं म्हणून बिघडत नाही. पण पुणे-नागपूर-कोल्हापूर फिरणाऱ्या घरच्या गाडीसाठी त्या अक्षरांचे जास्तीचे पैसे मी देणार नाही. हिवाळ्यात मनाली-काश्मीरला स्वतःची गाडी नेणार असाल तर वेगळं बोलू, आणि तेव्हाही चिन्ह डोंगराचंच लागेल.

पैसे लावायचेच तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला लावा. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरना वेट ग्रिप, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाजाच्या मर्यादा लागू व्हायला लागल्या. खोबणी किती उरली ते बघा. कायद्याने कारला १.६ मिमी हवी, पण तेवढ्यावर पावसाळा काढणं म्हणजे जुगार. खोबणीचं काम पाणी बाहेर फेकणं आहे. ती उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टिअरिंग नुसतं फिरतं. ‘डीओटी’नंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून घेऊ नका, रबर कपाटातही म्हातारं होतं. मापाच्या शेवटी ८८ एच असं काही असतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० किमी. गाडीच्या दाराच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलंय त्याहून कमी घेऊ नका.

आणि आता बाबांचं वाक्य. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, ७०१ किमी, सरळसोट. तिथे टायर दमतो तो हवा कमी असली की. बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, उष्णता साठत जाते आणि एका क्षणी टायर फुटतो. थंडीचा खरा संबंध इथे येतो. तापमान १० अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे तीन-साडेतीन पीएसआयने कमी भरते, काही न गळता. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना तपासायची. वाटेत गरम टायरवर आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही. बाबांचा चहाचा थांबा मात्र पाळायचा, टायरला आणि ड्रायव्हरला दोघांनाही लागतो.

जाता जाता एक शब्द. आपण ‘स्टेपनी’ म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी गाड्यांसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली, कारण तोपर्यंत गाडीसोबत ते मिळतच नव्हतं. आज बऱ्याच गाड्यांत स्टेपनी बारीक असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते. हवा भरताना पंपावर पाचवं चाकही तपासून घ्या, डिकीतलं सामान काढायचा कंटाळा आला तरी.