तालीम, शिकवणी आणि रियाज



मुलाला गाण्याच्या किंवा पेटीच्या शिकवणीला घालायचे ठरले, म्हणजे आईबाप गुरुजींना दोन प्रश्न विचारतात. पहिला फीचा. दुसरा, "घरी रोज किती वेळ बसवायचे?" पहिल्याचे उत्तर गुरुजी ताबडतोब देतात. दुसऱ्याचे देताना मात्र घुटमळतात. हा दुसरा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो कोणी विचारलाच नसता, कारण तो तेव्हा उत्पन्नच झालेला नव्हता. तो कसा उत्पन्न झाला आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाकडे गेली, एवढ्याच मुद्द्याचा आज विचार करावयाचा आहे.

आधी जुन्या तालमीकडे पाहू. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा जन्म १८४९ चा. ख्याल शिकायचा तर उत्तरेची वाट धरणे भाग, असा तो काळ. बुवा प्रथम धारला देवजीबुवा परांजपे यांच्याकडे राहिले. घरातल्या कलहामुळे तेथून त्यांना निघावे लागले, अशी हकीकत सांगतात. पुढे ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे त्यांची खरी तालीम झाली. वासुदेवबुवा हे हस्सूखाँचे शागीर्द. म्हणजे महाराष्ट्रात आज जे ख्यालगायन घरोघर ऐकू येते, त्याचा एक मोठा झरा एका तरुणाच्या पायपिटीतून आपल्याकडे आला.

अशा शिष्याचा दिवस कसा जाई? पहाटे तंबोरा घेऊन खर्ज भरावा, मग गुरुगृहीची कामे करावीत, पाणी भरावे, बाजार करावा, आणि गुरूची लहर लागेल तेव्हा समोर बसावे. तालमीचे तास ठरलेले नसत, फीही ठरलेली नसे. परंतु एक गोष्ट पक्की होती. शिकणे आणि घोटणे या दोन्ही क्रिया एकाच छपराखाली होत. गुरू ओसरीवर असो की माजघरात, शिष्याचा पलटा त्याच्या कानावर पडतच असे. सूर ढळला की आतून हाक येई. म्हणून "किती वेळ बसावे" हा प्रश्न नव्हता. गुरू थांब म्हणेपर्यंत बसावे, इतकेच.

ही पद्धत फार प्राचीन काळी संपली असे कोणी समजू नये. अब्दुल करीमखाँ यांनी रामभाऊ कुंदगोळकरांना, म्हणजे सवाई गंधर्वांना, शिकवायचे कबूल केले ते आठ वर्षांच्या बोलीवर. त्याच सवाई गंधर्वांच्या दारी १९३६ साली भीमसेन जोशी आले. त्यांनी कुंदगोळला पाणी भरले, आणि तोडी, मुलतानी व पुरिया एवढ्या मोजक्या रागांवर वर्षानुवर्षे मेहनत केली. आजच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत पहिल्या दोन वर्षांतच याहून अधिक राग उतरलेले असतात. तोडी मात्र कोणाच्या गळ्यात राहिली, हे सांगायला नको.

या तालमीचे गोडवे गाताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. तेथे आश्वासन कसलेच नसे. एखाद्याची चार वर्षे नुसत्या सेवेत जात आणि हाती दोन चिजा लागत. विद्या लपवून ठेवण्याची रीत होती. गरिबाच्या एकुलत्या मुलाने दहा-बारा वर्षे घर सोडावे, हे शक्य नव्हते. कुलीन म्हणविणाऱ्या घरांतल्या मुलींना तर गाणे वर्ज्यच होते, आणि ज्या स्त्रियांची ती पिढीजात विद्या होती त्यांना समाज आपल्या पंक्तीला बसवीत नव्हता. तालीम खोल होती, पण तिचे दार अगदी अरुंद होते.

हे दार रुंद करण्याच्या खटपटीत पुणे शहराचा वाटा मोठा आहे. बुधवार चौकातले नगर वाचन मंदिर ज्या ग्रंथालयापासून वाढले, ते १८४८ साली निघाले. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. या दोहोंच्या मधे, १८७४ साली, बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे प्रभृती मंडळींनी पुणे गायन समाज स्थापन केला. ग्रंथ, व्याख्यान आणि गायन या तिन्ही गोष्टी एकाच पिढीतल्या एकाच वर्गाने सार्वजनिक करायला घेतल्या, हा योगायोग नव्हे. जे ज्ञान वाड्याच्या किंवा दरबाराच्या आत होते ते वर्गणी भरून कोणालाही मिळावे, अशी त्यामागची बुद्धी होती. बुधवार-शनिवारातल्या कचेरीत जाणाऱ्या गृहस्थाला ग्वाल्हेरीस जाणे शक्य नव्हते. ग्वाल्हेरच त्याच्या पेठेत आणायला हवी होती.

ती आणली पुढच्या पिढीने. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपीची छापील पुस्तके असा सारा शाळेचा थाट त्यांनी गाण्याला दिला. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ साली भारत गायन समाजाचा पाया घातला. फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन थोर उस्तादांपुढे ज्यांनी जुन्या पद्धतीची कष्टाची तालीम घेतली होती, त्याच बुवांना आपल्यामागून येणाऱ्यांसाठी संस्था हवीशी वाटली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९१३ साली अब्दुल करीमखाँ यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि 'रागविज्ञान' या ग्रंथाचे सात भाग लिहिले. मुंबईकडे भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकांची मालिका सिद्ध केली. पुढे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची पायरीही बांधली गेली.

या सगळ्याचा लाभ झाला, यात शंका नाही. कारकुनाचा मुलगा, शिक्षकाची मुलगी, दिवसा नोकरी करणारा तरुण, सर्वांना गाण्याच्या दारात उभे राहता आले. मुलींच्या शिकवण्या घरी सुरू झाल्या. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी जाहीर मैफलींना प्रतिष्ठा मिळवून दिली, तशी आईबापांची भीड आणखी चेपली.

परंतु या फेरफारात एक गोष्ट मुकाट्याने घडली, आणि तिचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही. तालमीचे शिकवणीत रूपांतर झाले, तेव्हा शिकणे गुरूकडे राहिले आणि घोटणे विद्यार्थ्याच्या घरी गेले. आठवड्यातले दोन तास गुरुजी ऐकतात. उरलेला रियाज कोण ऐकतो? आई ऐकते, शेजारी ऐकतात, कित्येकदा कोणीच ऐकत नाही. रियाज गुरूच्या कानाआड गेला, आणि "किती वेळ बसवायचे?" हा प्रश्न त्याच दिवशी जन्माला आला.

ही अडचण आपलीच नव्हे. युरोपात पियानोच्या बाबतीत ती आपल्याआधी उभी राहिली होती. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यात पियानो आला, आणि शिक्षक तासापुरता येऊन जाऊ लागला. मागे राहिलेल्या मुलाने काय करावे, यासाठी स्वाध्यायांची पुस्तके निघाली. बेथोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू चेर्नी याने अशा स्वाध्यायांचे ढीग रचले. हानों नावाच्या फ्रेंच शिक्षकाचे साठ स्वाध्यायांचे प्रसिद्ध पुस्तक १८७३ साली, म्हणजे आपल्या गायन समाजाच्या आदल्या वर्षी निघाले. सगळे पुस्तक तासाभरात वाजवून होते, असे त्याने प्रस्तावनेत सांगून ठेवले. गुरूचा कान नाही, तेथे पुस्तकाने पहारा करावा, असा तो उपाय.

त्या उपायाचे धोकेही तिकडे लवकरच दिसले. शूमान या थोर रचनाकाराने तरुणपणी बोटे बळकट करण्यासाठी एक यंत्र वापरले, आणि त्याच्या उजव्या हाताचे बोट कायमचे अधू झाले. दोष यंत्राचाच होता की आणखी कशाचा, याविषयी मतभेद आहेत. पण पियानोवादक होण्याचे त्याचे स्वप्न तेथेच संपले. उलट शोपँ हा आपल्या विद्यार्थ्यांना दिवसातून तीन तासांपेक्षा जास्त वाजवू देत नसे, असे त्याच्या विद्यार्थ्यांनी सांगून ठेवले आहे. लक्ष उडाल्यावर नुसती बोटे चालवू नयेत, हा त्याचा आग्रह. आपल्याकडचे जाणते गवय्येही हेच सांगत आले: घसा धरला की थांबा, उद्या गायचे आहे.

पियानो पुण्यात आला तो लष्करातल्या बंगल्यांतून. पेठांतल्या वाड्यांत तो शिरला नाही. जिन्यावरून चढवायचा कोणी, ठेवायचा कुठे आणि पावसाळ्यात उतरलेले सूर लावायला माणूस कोठून आणायचा? त्याची जागा घेतली पेटीने. युरोपातल्या पायपेटीला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजविण्याजोगे रूप दिले. १८८० साली पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यानंतर नाट्यपदांचे वेड घरोघर पसरले, आणि पदे बसविण्यासाठी घरात पेटी आली.

पेटीने रियाज सोपा केला आणि थोडा घातही केला. एकट्या मुलाला तिच्यामुळे सूर सापडू लागला. पण तिचे सूर पट्टीवर ठाम बसविलेले. मींड नाही, आंदोलन नाही. तंबोऱ्याशी गाताना आपला सूर आपल्यालाच शोधावा लागतो, पेटी तो हातात आणून देते. याच कारणास्तव १९४० पासून अनेक वर्षे आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. दुसऱ्या बाजूला गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी याच पेटीवर मैफली रंगविल्या. तेव्हा दोष वाद्याचा म्हणता येत नाही. पेटीला कानाच्या जागी बसविले, ही चूक. पुढे छापील स्वरलिपी, मग ध्वनिफीत, आणि आता खिशातल्या मोबाइलवर वाजणारा तंबोरा, ही सारी त्याच रिकाम्या जागेवर बसविलेली माणसे आहेत. कामाची खरी, पण त्यांपैकी एकही "थांब, निषाद चढला" असे म्हणत नाही.

मग करावे काय? मागे जाता येत नाही, आणि मला विचाराल तर जाऊही नये. पण इतिहासाकडून तीन गोष्टी घेता येतील.

पहिली विद्यार्थ्यासाठी. रियाजाची वेळ नेमलेली असावी, आणि ती मोठी असण्यापेक्षा न चुकणारी असावी. शाळेत जाणाऱ्या मुलाने रोज अर्धा तास मन लावून खर्ज आणि एक पलटा घोटला, तर रविवारी तीन तास बसण्यापेक्षा त्याचा लाभ अधिक. आणि कुंदगोळचे ते तीन राग आठवावेत. वहीतली संख्या वाढविण्याची घाई करू नये.

दुसरी आईबापांसाठी. जुन्या तालमीत गुरूचा कान जे काम करी त्याचा थोडा भाग आता तुमच्याकडे आला आहे. तुम्हाला राग ओळखता येण्याची गरज नाही. मूल बसते तेव्हा घरातला दूरचित्रवाणी संच बंद करणे आणि आपण शेजारच्या खोलीत आहोत, ऐकतो आहोत, एवढे त्याला कळू देणे, हेही पुष्कळ आहे. मात्र "परीक्षा कधी?" हा प्रश्न वरचेवर विचारू नये. परीक्षा ही पायरी आहे, माडी नव्हे. प्रत्येक मूल तानसेन होणार नाही. पण प्रत्येकाला कानसेन होता येते, आणि कानसेनांवाचून तानसेनाने गावे कोणापुढे?

तिसरी गुरुजींसाठी, आणि ती मी नम्रपणे सांगतो. शिकवणीच्या तासात नवी चीज सांगण्याची ओढ असते, कारण फी देणाऱ्याला काहीतरी नवे हाती पडलेले दिसावे लागते. तरीही त्या तासातला निम्मा वेळ विद्यार्थ्याने घरी काय केले ते केवळ ऐकण्यात घालवावा. कानाआड गेलेला रियाज आठवड्यातून एकदा तरी गुरूच्या कानावर पडला, तर तालीम आणि शिकवणी यांतले अंतर पुष्कळसे तुटेल.

जोगेश्वरीच्या बाजूने लक्ष्मी रस्त्याकडे येताना आता वाहनांच्या गलबल्यात काही ऐकू येत नाही. पण पहाटे रस्ते रिकामे असतात, तेव्हा एखाद्या माडीवरून कोवळ्या गळ्याचा षड्ज अजून येतो. तो थोडा हलतो, सावरतो, पुन्हा हलतो. वाटेने जाणाराला तो बेसूर वाटेल. मला त्यात ग्वाल्हेरपासून बुधवारापर्यंतची सगळी वाटचाल ऐकू येते. त्या मुलाला आज एकच गोष्ट हवी आहे. कोणीतरी ते लक्ष देऊन ऐकत असावे.