पुदिना, लिंबू आणि मळीचा वास

मे महिन्यात बजाजनगरमधल्या आमच्या घराची गच्ची रात्री अकरापर्यंत तापलेली असते. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मीही तसाच तापलेलो असतो. म्हणून एका शनिवारी मोहितो करायचं ठरवलं.

कृती सोपी आहे. पुदिन्याची आठ-दहा पानं, अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर ग्लासात घ्यायची. लाटण्याच्या टोकानं हलकं दाबायचं. चटणीसारखं वाटलं तर पुदिना कडवट होतो. मग ६० मिली रम, भरपूर बर्फ आणि वर सोडा. खरं तर पांढरी रम लागते. दुकानात ती नव्हती, म्हणून काळी आणली. (आपल्या राज्यात त्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण आणि खिशात परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे.)

मोहितो हवानाचा, एवढं माहीत होतं. पण जिन्नस मोजले आणि थबकलो. रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा. बर्फ सोडला तर बरोबर पाच!

सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतले इंग्रज इथली अरक, लिंबू, साखर, मसाला आणि पाणी एकत्र करून प्यायचे. त्याला ते 'पंच' म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबई, सुरत, जुन्नर असा फिरला. १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यानं हे नाव 'पाच' वरून आल्याचं सांगितलंय. शब्दाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण पेय मात्र कंपनीच्या जहाजांवरून इकडूनच तिकडे गेलं. मोहितो त्याचा थेट वंशज आहे असं मी म्हणणार नाही. पण दारूला आंबट-गोडाची आणि सुगंधाची जोड देऊन ती पातळ करायची, ही रीत आपल्या किनाऱ्यावर जुनीच होती.

मी हे सगळं फोनवर वाचत असताना आजी स्वयंपाकघरात आली. बाटलीचं बूच उघडंच होतं. ती म्हणाली, "कारखान्याचा वास कुठून येतोय रे?"

आजी बीड जिल्ह्यातली. आजोबा आणि ती मिळून एक 'कोयता'. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको ही दोन माणसं नसतात, एक कोयता असतो. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं, पाचटाच्या कोपीत राहायचं आणि पहाटे फडात उतरायचं. त्यांची कोपी मळीच्या हौदापासून लांब नव्हती. साखर काढून झाल्यावर जो काळा, चिकट पाक उरतो ती मळी. ती आंबवून ऊर्ध्वपातन केलं की रम होते. आजीनं नेमकं ओळखलं होतं.

ऊस पश्चिमेकडे गेला तो इथूनच. रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतातली. आपली 'शर्करा' फारसी आणि अरबीतून फिरत फिरत युरोपात 'शुगर' झाली. कोलंबसनं १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. तिथं साखरेचे मळे उभे राहिले आणि ते तोडायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणली गेली. सतराव्या शतकात त्याच मळ्यांवर मळीपासून रम निघू लागली. क्युबातल्या सांतियागोमध्ये १८६२ साली बकार्डीनं हलकी, पांढरी रम गाळायला सुरुवात केली, तेव्हा तिथली गुलामगिरी चालूच होती. ती संपली १८८६ साली.

ब्रिटिशांच्या मॉरिशसमध्ये गुलामगिरी आधी संपली. मग उसाला हात हवे म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत रत्नागिरी-सातारा भागातली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं गणपती बसवतात.

गुलामगिरी, गिरमिट आणि उचल या तीन गोष्टी सारख्या नाहीत. आजीला कोणी साखळदंड घातला नव्हता. पण उचल फिटेपर्यंत तिला परत येता यायचं नाही आणि आजारी पडली तर खाडा धरला जायचा. वडिलांना वाळूज एमआयडीसीत नोकरी लागली, आम्ही बजाजनगरला आलो आणि आमच्या घरातला कोयता थांबला. मी इंजिनीअर झालो त्याची सुरुवात तिथं आहे, कॉलेजच्या प्रवेशात नाही.

मी आजीला विचारलं, "तुम्ही कधी ही प्यायलात का?" ती हसली. "आम्हाला कोण देतंय? आम्ही मळी बैलांना चारायचो."

तिच्यासाठी तोच ग्लास रमशिवाय केला. पुदिना, लिंबू, साखर, सोडा. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डब्यातून आणखी एक चमचा साखर घातली. सपाट नव्हे, शिगोशीग.

"इतकी साखर?" मी म्हणालो.

"लय तोडलीय मी," आजी म्हणाली आणि ढवळत बसली.