बेळगावचे मेथडिस्ट चर्च आणि त्याआधीची ८४ वर्षे

बेळगावच्या मेथडिस्ट चर्चचा उल्लेख आपल्याकडे सर्रास ‘अमेरिकन मिशनचे चर्च’ असा होतो. १९०४ नंतरच्या काळापुरते ते बरोबर आहे. मात्र या मंडळीची सुरुवात १८२० सालची आहे आणि ती करणारे मिशन लंडनचे होते. पहिली ८४ वर्षे इथे मेथडिस्ट हे नाव नव्हते. शहरातली जुनी मिशनशाळा आणि बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा या दोन्ही गोष्टी त्याच काळातल्या. चर्चचा इतिहास १९०४ पासून सांगितला की त्या गळून पडतात, म्हणून इथे सुरुवात जरा मागून केली आहे.

बळ्ळारीहून बेळगावला

पेशवाईच्या अखेरीस, एप्रिल १८१८ मध्ये, बेळगावचा किल्ला थॉमस मन्रोच्या फौजेने घेतला आणि किल्ल्याच्या पश्चिमेस छावणी वसू लागली. त्या वेळी लंडन मिशनरी सोसायटीचे काम बळ्ळारीत चालू होते. जॉन हँड्स यांनी ते १८१० मध्ये सुरू केले होते. तिथे तयार झालेले रेव्हरंड जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावला आले. जनरल प्रिट्झलर या फौजी अधिकाऱ्याच्या आग्रहावरून ते आले, असे मिशनच्या इतिहासात नमूद आहे. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले.

मिशन दक्षिणेकडून आले, हे लक्षात ठेवावे. मुंबईत अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून होते, पण बेळगावला माणसे आली ती बळ्ळारीहून, म्हणजे कन्नड मुलखातून. बेळगाव स्वतंत्र जिल्हा झाला तो १८३६ मध्ये, मुंबई इलाख्यात. सरकारी कागद मुंबईकडे जात आणि मिशनचा ओढा दक्षिणेकडे राही. ही विसंगती आजतागायत टिकली आहे. ती पुढे येईलच.

शहराची बोली मराठी, आसपासच्या गावांत मराठी आणि कन्नड दोन्ही, छावणीत इंग्रजी. शिवाय मद्रासी पलटणींमागून आलेली तमिळ कुटुंबेही होती. त्यामुळे मिशनला पहिल्यापासून अनेक भाषांतून काम करावे लागले. एका भाषेची मंडळी असे तिचे रूप कधीच नव्हते.

मिशनने शाळा काढली ती १८३२ मध्ये. आजचे बेननस्मिथ हायस्कूल ते हेच. नावातील बेनन आणि स्मिथ हे दोघेही लंडन मिशनचे. आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा या शाळेत शिकले, आणि त्यातले बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते. उपासनेला मोजकी माणसे आणि शाळेत गावभरची मुले, असे चित्र त्या काळच्या बहुतेक मिशनांत होते. बेळगावही त्याला अपवाद नव्हते.

बाबा पदमनजी

या मंडळीच्या इतिहासातील सर्वांत मोठे मराठी नाव बाबा पदमनजी यांचे. जन्म बेळगावात, १८३१ मध्ये, कासार समाजातील घरात. इंग्रजी शिक्षणाचा पाया इथल्याच मिशनशाळेत घातला गेला. पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईला गेले, पण १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो बेळगावात. आपल्या गावी, ओळखीपाळखीच्या माणसांदेखत हे पाऊल उचलण्याची किंमत तेव्हा काय होती, हे त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रातून कळते. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. धर्मांतराविषयी वाचकाचे मत काहीही असो, एकोणिसाव्या शतकातल्या बेळगावच्या घरातले वातावरण, देवधर्म, शाळा, मनाची ओढाताण हे सारे एवढ्या मोकळेपणाने सांगणारे दुसरे पुस्तक सापडणे कठीण.

त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि वाटेत ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात. पुढे यमुनेवरच वैधव्य येते. कथेच्या शेवटी धर्मप्रचाराचा हेतू उघड दिसतो आणि तेवढा भाग आजच्या वाचकाला अवघडतो. पण केशवपनापासून घरातल्या कोंडमाऱ्यापर्यंत जे लिहिले आहे ते ऐकीव वाटत नाही. पदमनजी पुढे पुण्यात पाळक झाले, कोश केले, पत्रे चालवली आणि १९०६ मध्ये निवर्तले. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांचे नाव मुंबई-पुण्याबरोबर येते. आपण ते बेळगावबरोबरही घ्यायला हरकत नाही.

१९०४ : मंडळी तीच, नाव नवे

१९०४ मध्ये लंडन मिशनने बेळगावचे काम अमेरिकेच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे सोपवले. हा पंथ भारतात १८५६ मध्ये विल्यम बटलर यांच्याबरोबर आला तो उत्तर हिंदुस्थानात. मुंबईकडे त्याची सुरुवात झाली विल्यम टेलर यांच्या १८७१ च्या आगमनानंतर. (हे टेलर वेगळे, बेळगावच्या जोसेफ टेलर यांच्याशी त्यांचा संबंध नाही. दोघांची गल्लत बऱ्याचदा होते.) १८७६ मध्ये मेथडिस्टांची साउथ इंडिया कॉन्फरन्स स्थापन झाली. कन्नड मुलखातले त्यांचे काम वाढत गेले आणि बेळगाव त्याला जोडले गेले.

मंडळीच्या दृष्टीने हा बदल पाटीपुरता नव्हता. लंडन मिशनची घडण काँग्रिगेशनल विचाराची. त्यात प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते आणि आपला पाळक आपण निवडते, निदान तत्त्व तरी तसे. मिशनच्या क्षेत्रात शेवटचा शब्द मिशनऱ्याचाच असे, ही गोष्ट वेगळी. मेथडिस्टांत पाळकाची नेमणूक बिशप करतात, जिल्ह्यावर सुपरिंटेंडेंट असतो, वर्षाची कॉन्फरन्स भरते आणि पाळकांच्या बदल्या होतात. मेथडिस्ट कुटुंबांतून ‘यंदा अपॉइंटमेंट कुठे?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो, तो या व्यवस्थेमुळे.

प्रभुभोजनाची रीतही वेगळी. काँग्रिगेशनल परंपरेत भाकर आणि द्राक्षरस बसल्या जागी दिला जातो. मेथडिस्ट मंडळीत लोक पुढे येऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात. त्यामुळे इमारतीत व्यासपीठापुढचा हा कठडा महत्त्वाचा होतो.

इमारत कशी पाहावी

बेळगावात जुने चर्च म्हटले की कॅम्पातील सेंट मेरीज डोळ्यांपुढे येते. १८६० च्या दशकात बांधलेले, गॉथिक घाटाचे, टोकदार कमानींचे आणि रंगीत काचांचे. ते अँग्लिकन, इंग्रज फौजेसाठी उभारलेले. मिशनचे चर्च त्याच्याशी ताडून पाहिले तर उगाच साधे वाटते. दोहोंमागची कल्पनाच निराळी आहे.

अँग्लिकन चर्चमध्ये नजर लांबवरच्या वेदीकडे जाते. लंडन मिशन काय किंवा मेथडिस्ट काय, त्यांच्या उपासनेचा मध्य म्हणजे प्रवचन आणि गाणे. म्हणून लांबट चौकोनी एकसंध दालन, मधे खांबांचा अडथळा शक्यतो नाही, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला व्यासपीठ. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला शब्द ऐकू गेला पाहिजे, ही त्या रचनेची कसोटी. दगडी वेदीऐवजी प्रभुभोजनाचे लाकडी मेज असते. शेजारी बाप्तिस्म्याचे पात्र, कारण मेथडिस्टांत तान्ह्या मुलांचाही बाप्तिस्मा होतो. संतांच्या मूर्ती नसतात. क्रूस असतो तो रिकामा, त्यावर येशूची आकृती नसते. रोमन कॅथलिक चर्चमधून इकडे आलेल्या पाहुण्याला हा फरक पहिल्या क्षणी जाणवतो.

बाकीचे बरेचसे बेळगावच्या पावसाने आणि जमिनीने ठरवलेले. शहर जांभ्याच्या पठारावर आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने घडवता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. त्यात बारीक कोरीव काम उठत नाही, त्यामुळे जांभ्याच्या इमारतीत नक्षीऐवजी जाड भिंती आणि ठसठशीत कमानी दिसतात. पावसाळ्याचे चार महिने सोसायचे म्हणून जोते उंच, छप्पर उतरते आणि दारापुढे पोर्च.

कौलांवरून काळ ठरवताना मात्र जपून. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला, आणि बेळगावला रेल्वे आली १८८७ मध्ये. टेलर आणि बेनन यांच्या पिढीच्या डोक्यावर नळीची कौले किंवा गवत असणार. आपल्या भागातल्या कुठल्याही जुन्या चर्चवर वा शाळेवर मंगळुरी कौले दिसली तर छप्पर तरी नंतरचे आहे असे समजावे. भिंती त्याहून जुन्या असू शकतात.

दुरुस्तीबाबत एक गोष्ट स्पष्टच लिहितो. जांभा पाणी शोषतो आणि बाहेर टाकतो. चुन्याचा गिलावा ही ये-जा होऊ देतो. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, गिलावा फुगतो आणि चार-पाच पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा घेऊन पडतो. मग ‘इमारत फार जुनी झाली’ म्हणून ती पाडण्याची भाषा सुरू होते. प्रत्यक्षात दोष दुरुस्तीचा असतो. जुन्या इमारतीची जबाबदारी असलेल्या कोणत्याही कमिटीने, मग ती चर्चची असो, देवळाची असो किंवा शाळेची, चुन्याचे काम जाणणारा गवंडी आधी शोधावा.

सीमेच्या दोन्ही बाजूंना

निपाणीची कथा वेगळी. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये मिशन सुरू केले. ते पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीकडे गेले आणि त्याच मिशनने १९१० च्या सुमारास निपाणीत ठाणे उघडले. म्हणजे एकाच जिल्ह्यात निपाणीचे ख्रिस्ती लोक कोल्हापूरकडे पाहणारे प्रेस्बिटेरियन, आणि बेळगावचे दक्षिणेशी जोडलेले मेथडिस्ट. सोयरीक मात्र दोन्हीकडे चालते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यानंतरचा सीमाप्रश्न वाचकांना सांगायला नको. चर्चच्या नकाशात मात्र बेळगावची बाजू बदलली नाही. ते आधीपासूनच साउथ इंडिया कॉन्फरन्समध्ये होते. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले तेव्हा मेथडिस्ट त्यात सामील झाले नाहीत. १९८१ मध्ये त्यांचे स्वायत्त मेथडिस्ट चर्च इन इंडिया झाले.

या व्यवस्थेत मराठी मंडळी कन्नड बहुसंख्य असलेल्या कॉन्फरन्समध्ये नांदते. पाळक कन्नड भागातून बदलून आला तर त्याचे मराठी कसे आहे, यावर उपासनेचा रंग ठरतो. मराठी टिकून आहे ती मुख्यतः गाण्यांमुळे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून रेव्हरंड ना. वा. टिळक आणि कृष्णराव सांगळे यांची पदे घराघरांत पोहोचली. घरी मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, देवनागरी अडखळत वाचतात, पण नाताळच्या वेळी आजीबरोबर टिळकांचे पद तोंडपाठ म्हणतात.

कुटुंबाचा माग काढायचा असेल तर

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी चर्चच्या वह्यांत असतात. जन्मदाखले नसलेल्या काळातील कुटुंबांसाठी हाच कधी एकमेव पुरावा ठरतो. नाव शोधताना तीन अडचणी येतात. मिशनऱ्यांनी नावे कानाने ऐकून इंग्रजीत लिहिलेली असतात, आडनावाच्या जागी बहुधा वडिलांचे नाव असते, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव घेतले असेल तर जुने नाव नोंदवलेले असेलच असे नाही. त्यामुळे वर्ष आणि गाव यांवरून शोधणे सोपे जाते. वही हाताळण्यापूर्वी पाळकसाहेबांची परवानगी घ्यावी, आणि झेरॉक्स न काढता फोटो काढावा. जुना कागद यंत्राच्या काचेवर दाबला की शिवणीपाशी तुटतो.

१९०४ पूर्वीचा पत्रव्यवहार लंडनला सोआसच्या ग्रंथालयात, लंडन मिशनच्या कागदपत्रांत आहे. त्यानंतरचा अमेरिकेत न्यू जर्सीतील ड्रू विद्यापीठाच्या आवारात, मेथडिस्ट अभिलेखागारात ठेवलेला आहे. बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजचा संग्रह त्या मानाने जवळचा. बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी तिथे पोहोचता येते.