वर्ध्याची कोलामी कुणी कुणाला विचारली?

मंडळी, भाषेचा विषय निघाला की आपल्या वर्ध्यात गाडी राष्ट्रभाषा प्रचार समितीवर नाहीतर हिंदी विद्यापीठावर येऊन थांबते. पण द्राविडी भाषांचा अभ्यास करणारे लोक वर्ध्याला ओळखतात ते कोलामीमुळे.

आपल्याकडे अजूनही कोलामीला सर्रास गोंडीत ढकलतात. कोलाम स्वतःला 'कोलावर' म्हणवतात. त्यांच्या बोलीत पाण्याला ईर, घराला एल्ला, झाडाला माक. तेलुगूतलं 'इल्लू' आणि कन्नडमधलं 'नीरु' आठवा, म्हणजे नातं कुठं जातं ते कळेल. आणखी एक गंमत म्हणजे या भाषेत नामांचे गट दोनच. एकात पुरुष, दुसऱ्यात बाकी सगळं: बाया, जनावरं, दगडधोंडे. (घरी वाचून दाखवताना जपून.)

हे जगाला कळलं ते एकमेकांना विचारण्यातून. ग्रिअर्सननं भारताची भाषिक पाहणी केली ती बहुतेक पत्रांवर. जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडे बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट आणि 241 शब्द-वाक्यांची यादी पाठवायची, आणि स्थानिक बोलीत उतरवून मागवायची. त्या पाहणीचा द्राविडी भाषांचा खंड 1906 साली आला. तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानं तयार केला आणि कोलामी शेजारच्या गोंडीपेक्षा वेगळी असल्याचं त्यात दाखवलं.

मग आला मरे एमेनो, मूळचा कॅनडाचा. 1935 ते 1938 तो भारतात होता. बराचसा काळ निलगिरीत तोडा आणि कोटा लोकांत गेला, पण त्यानं आपल्या जिल्ह्यातली कोलामीही बोलणाऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतली. तिच्यावरचं त्याचं पुस्तक 1955 साली कॅलिफोर्निया विद्यापीठानं काढलं.

त्याआधी 1950 साली हैदराबादेत कोलामीचं एक व्याकरण छापून आलं होतं. लेखक पी. सेतुमाधवराव. म्हणजे आपले सेतुमाधवराव पगडी! शिवकाळाचे इतिहासकार म्हणून घरोघरी माहीत असलेले पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते, आणि आदिलाबादकडची कोलामी त्यांनी शिकून घेतली होती. ही बाजू मराठी वाचकांना फारशी माहीत नाही, हे मला खरंच खटकतं.

पुढे बर्कलीत एमेनो आणि ऑक्सफर्डला थॉमस बरो, अशा दोघांनी मिळून द्राविडी व्युत्पत्तिकोश रचला. पहिली आवृत्ती 1961, दुसरी 1984. त्यात वर्ध्याचे शब्द तमिळ-तेलुगूच्या रांगेत आहेत आणि पगडींच्या व्याकरणाचा हवालाही आहे.

एवढ्या लांबच्या माणसांनी विचारलं. आपण नदीपलीकडे यवतमाळकडे रोज जातो, केळापूर-मारेगाव-झरीकडचे कोलाम पोड ओलांडतो, पण "तुमच्याकडे याला काय म्हणता?" असं किती जण विचारतात? एमेनोनं टिपलेली बोली आता नव्वदीकडे झुकली. तेव्हाची पोरं असतील तर आज आजी-आजोबांच्याही पलीकडची.

म्हणून शिक्षक, आशाताई, पोडाशी ज्यांचा राबता आहे त्या सगळ्यांना विनंती. पाणी, घर, झाड, एक ते दहा आकडे, एवढंच एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारा. तेच तिच्या नातवाला विचारा. दोघांची उत्तरं शेजारी-शेजारी लिहा, गावाचं नाव आणि तारीख टाका. आजीची परवानगी असेल तर फोनवर आवाजही घ्या.