कोरडा तलाव, जुना बांध

बेंगळुरूला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते हेसरघट्ट्याहून. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात, १८९४ साली, अर्कावती नदी अडवून हा तलाव झाला. पुढे शहर वाढलं. १९३३ला तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण आलं, नंतर कावेरी. वरच्या खोऱ्यात बोअरवेल आणि निलगिरी वाढली, तशी अर्कावती आटत गेली. हेसरघट्टा वर्षानुवर्षं कोरडा राहिला आणि २०२२च्या पावसात पुन्हा भरला.

तलाव कोरडा म्हणजे बांधाला धोका नाही, असं आपल्याला वाटतं. मातीच्या बांधाचं उलट असतं. ओल गेली की चिकणमाती आकसते, भेगा पडतात. वर झाडं वाढतात. ती वाळली की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. घुशी, साळिंदर बिळं करतात. अचानक पाणी चढलं की ते हीच वाट धरतं. पानशेत आठवा, १२ जुलै १९६१. ते तर नवं धरण, काम अपुरं. आमच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून काही तास मिळवले, इतकंच. (त्या तासांचं मोल पुणेकरांना सांगायला नको.)

बांधावरची झाडं काढावीत, याबाबत मी अभियंत्यांच्या बाजूचा. हेसरघट्ट्याचं खरं धन शेजारच्या गवताळ माळावर आहे: चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी. तिथे वृक्षारोपणाची हौस नको. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सांगितली आहे. अशा जुन्या बांधावर ती कोरड्या वर्षीही व्हावी; भेगा तेव्हाच दिसतात.