काचेच्या जमिनीचे ग्रंथालय

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नातीला नेले, तेव्हा ती पुस्तकांआधी पायाखाली पाहू लागली. पोलादी मांडण्यांच्या मजल्यांवरील जमीन काचेची आहे. वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. पाऊल टाकताना ती बिचकली. तिच्या वयाचा असताना मीही बिचकलो होतो.

या ग्रंथालयाचे मूळ शाळेत आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचनच सुटले, तर ती सक्ती कशाला? म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करण्यात आले. तीन वर्षांनी ते परतले; पुढे ही धुरा जनार्दन कुडाळकरांनी वाहिली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या, मुलांसाठी वेगळा विभाग निघाला. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक तर इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघे.

नात गुजराती सरसर वाचते. मराठी कपाटापुढे मात्र एकेका अक्षरावर बोट ठेवीत तिने एक नाव लावले आणि पुढचे पुस्तक ओढले. परतायला उशीर झाला. तिच्या सभासदत्वाचा अर्ज आणला आहे. भरायचा माझ्याकडूनच राहिला आहे.