शेलमधील ओळवाचन : ‘रीड’पासून ‘मॅपफाइल’पर्यंत

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये 1969 साली आकाराला येऊ लागलेल्या युनिक्स प्रणालीत बरीचशी माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवली जाई. परंतु वापरकर्त्याच्या आज्ञा घेऊन त्या पार पाडणाऱ्या ‘शेल’ या प्रोग्रॅमला, केन थॉम्प्सन यांनी लिहिलेल्या त्याच्या मूळ रूपात, फाइलीतील ओळ स्वतःजवळ ठेवता येत नव्हती, कारण मूल्य साठवणारे नाव, म्हणजे व्हेरिएबल, त्यात नव्हतेच.

ही उणीव स्टीफन बोर्न यांच्या शेलने भरून काढली. 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या या शेलमधील ‘रीड’ ही आज्ञा एका वेळी एकच ओळ घेते, ‘आयएफएस’ या व्हेरिएबलमध्ये दिलेल्या चिन्हांपाशी तिचे तुकडे करते आणि ते क्रमाने व्हेरिएबलांत भरून उरलेला मजकूर शेवटच्या व्हेरिएबलात टाकते. वापरकर्त्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘पासवर्ड’ फाइलीच्या प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाने विभागलेले सात रकाने असतात. तेवढे एक चिन्ह ‘आयएफएस’मध्ये ठेवले की ते सुटे होतात आणि ‘व्हाइल’ लूप, म्हणजे अट खरी असेतो फिरणारे आवर्तन, साऱ्या फाइलीचे वाचन उरकते.

या रचनेचे दोषही तिच्याबरोबरच आले. शेवटच्या ओळीअखेर नव्या ओळीची खूण नसेल, तर ‘रीड’ मजकूर व्हेरिएबलात भरते खरी, पण अपयश कळवते, आणि लूप ती ओळ गाळून थांबते. शिवाय फाइल जोडलेले लूप बोर्न शेल वेगळ्या उपशेलमध्ये, म्हणजे स्वतःच्या स्वतंत्र प्रतीत, चालवीत असल्याने आत मोजलेली संख्या किंवा जमवलेली नावे बाहेर येताच नाहीशी होत.

सगळ्या ओळी एकत्र राखण्यासाठी ॲरे, म्हणजे क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मूल्यांची मालिका, लागते. बर्कलीतील बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये शब्दांच्या याद्या होत्या आणि डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने ॲरे आणले. मात्र युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या 1992 च्या पॉसिक्स मानकाने ‘रीड’ला स्थान दिले, ॲरेंना दिले नाही. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या, 1989 साली प्रसिद्ध झालेल्या बॅश या शेलमध्ये ॲरे 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत आले, तर एका आज्ञेत संपूर्ण फाइल ॲरेत भरणारी ‘मॅपफाइल’ 2009 च्या चौथ्या आवृत्तीत. मॅकओएसबरोबर येणारा बॅश तिसऱ्याच आवृत्तीवर थांबलेला असल्यामुळे तेथे ती मिळत नाही. म्हणूनच कोणत्याही यंत्रावर चालावी अशी स्क्रिप्ट लिहिणारा आजही 1979 च्या लुपाचाच आधार घेतो.